कोणते बोलणे कोणत्या वाटेने?

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते केशवसुतांचे जन्मगाव म्हणून. १८६६ साली येथे जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामले यांनी मराठी कवितेला नवे वळण दिले. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या त्यांच्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले आणि गणपतीपुळ्याला आलेले पर्यटक थोडी वाट वाकडी करून तेथे जाऊ लागले. मात्र या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती कोकणातील बहुतेक गावांना लागू पडते. येथील अनेक घरांचा एक पाय मुंबईत असतो. म्हातारे आईवडील गावी, मुलगा नोकरीनिमित्त मुंबईत, नातवंडे पुण्यात किंवा थेट परदेशात. अशा घरांना एकमेकांशी बोलण्यासाठी नेहमीच कोणत्या ना कोणत्या साधनाचा आधार घ्यावा लागला.

पूर्वी ही साधने वेगवेगळी होती आणि प्रत्येकाचे काम ठरलेले होते. ख्यालीखुशाली आंतर्देशीय पत्राने कळे. चाकरमान्याने पाठविलेल्या मनिऑर्डरीच्या फॉर्मवर दोन ओळींपुरती जागा असे. तेवढ्यात घरखर्चाचा हिशेब आणि आईची चौकशी दोन्ही बसवावे लागे. तार आली की ती वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई, कारण तार म्हणजे बहुधा वाईट बातमी, हे सर्वांना ठाऊक असे. नाजूक गोष्ट असेल तर ती गावी निघालेल्या भरवशाच्या माणसाबरोबर तोंडी निरोपाने धाडली जाई. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले आणि मीटरवर नजर ठेवून बोलण्याची सवय लागली. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज पत्र, मनिऑर्डर, तार, निरोप आणि दूरध्वनी हे सारे तळहाताएवढ्या यंत्रात सामावले आहे. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण साधने वेगळी असताना कोणती गोष्ट कशाने कळवायची, हे आपोआप ठरत असे. आता ते दर वेळी आपल्याला ठरवावे लागते आणि बहुतेक जण ते ठरवीतच नाहीत.

दोन साधे प्रश्न

महाजालावरील संवादाचे प्रकार मोजायला बसले तर यादी संपणार नाही. मात्र दोन प्रश्न विचारले की त्यांची सोपी मांडणी करता येते. पहिला प्रश्न असा, की समोरच्याने आत्ताच उत्तर द्यावे अशी अपेक्षा आहे की सवडीने दिले तरी चालेल? दुसरा प्रश्न, हे बोलणे किती जणांच्या कानी पडणार आहे? एकाच्या, ओळखीच्या पन्नासांच्या, की जगाच्या?

ई-मेल हे सवडीने बोलण्याचे सर्वांत जुने साधन. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला आणि पत्त्यात व्यक्तीचे नाव व तिच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह बसविले. आपल्या पत्रांवरील ‘मु. पो.’ जे काम करते, तेच काम हे चिन्ह करते: अमुक व्यक्ती, राहणार तमुक ठिकाणी. ई-मेल येऊन सर्व्हरवर पडून राहते. घेणारा आपल्या सोयीने ते उघडतो. विषयाची ओळ वेगळी, मजकूर वेगळा, सरकारी पत्राखालच्या ‘प्रत माहितीस्तव’सारखी इतरांना प्रत देण्याची सोय. पाच वर्षांनंतरही ते शोधून काढता येते. म्हणूनच बँक, विमा, न्यायालय, जमिनीचे व्यवहार यांत ई-मेल टिकून आहे.

व्हॉट्सॲपसारखा झटपट संदेश हा पत्र आणि संभाषण यांच्या सीमेवरचा प्रकार आहे. तो लिहिलेला असतो, पण त्याच्याकडून बोलण्याच्या वेगाची अपेक्षा असते. खरा घोटाळा येथेच होतो. संदेशाखाली दिसणाऱ्या एका खुणेचा अर्थ तो कंपनीच्या सर्व्हरपर्यंत गेला. दोन खुणांचा अर्थ तो समोरच्याच्या फोनपर्यंत पोचला. आणि २०१४ पासून या दोन खुणा निळ्या झाल्या की तो उघडला गेला. उघडला गेला म्हणजे समजून घेतला गेला, असे नव्हे. लोकलच्या दारात लटकताना एका हाताने उघडलेला संदेश आणि ओसरीवर बसून चष्मा लावून वाचलेले पत्र यांत फरक आहे. पत्राला उत्तर यायला आठवडा लागला तर कोणी रागावत नसे. निळ्या खुणेनंतर दोन तास गेले की मनात शंका येऊ लागते.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष बोलण्याचा, म्हणजे ध्वनी किंवा चित्रासह केलेल्या कॉलचा. व्हॉट्सॲपवर ध्वनिमुद्रित संदेश २०१३ मध्ये, कॉल २०१५ मध्ये आणि व्हिडिओ कॉल २०१६ मध्ये आले. त्याच वर्षापासून मोबाइलवरील इंटरनेट खूपच स्वस्त झाले आणि गावच्या आजीला नातवाचा चेहरा रोज दिसू लागला. ध्वनिमुद्रित संदेशाचे महत्त्व मात्र शहरी वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्यांना लिहिता येत नाही, अथवा बारीक कळफलकावर बोट नेमके पडत नाही, अशा वृद्धांना त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या शब्दांत निरोप धाडता आला. एरवी त्यांचे पत्र शेजारचा शाळकरी मुलगा लिहून देई आणि मनातले बरेचसे मनातच राही.

तुटणारा आवाज, पोचणारा शब्द

पावसाळ्यात कोकणात एक अनुभव हमखास येतो. व्हिडिओ कॉल लागत नाही, साध्या कॉलमधला आवाज तुटतो, पण लिहिलेला संदेश थोड्या उशिराने का होईना, पोचतो. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. महाजालावरून जाणारी कोणतीही गोष्ट लहान लहान तुकड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. संदेश पाठविताना मधला एखादा तुकडा हरवला, तर तो पुन्हा मागवून घेतला जातो. सर्व तुकडे जमले की संदेश पूर्ण होतो. संपर्कच नसेल तर संदेश सर्व्हरवर थांबून राहतो. बोलण्यात मात्र अशी वाट पाहायला सवड नसते. हरवलेला शब्द दोन सेकंदांनी आणून पुढच्या वाक्यात बसविला तर अर्थाचा अनर्थ होईल, म्हणून तो सोडूनच दिला जातो. त्यालाच आपण आवाज तुटणे म्हणतो. चित्राला तर ध्वनीपेक्षा कित्येक पट अधिक माहिती वाहून न्यावी लागते. संपर्क दुबळा असताना आधी चित्र बंद करावे, तरीही जमले नाही तर चार शब्द लिहून पाठवावेत, हा साधा नियम त्यातूनच निघतो.

संपर्कच नसणे म्हणजे काय, हे कोकणाने अलीकडे अनुभवले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर धडकले. मालगुंडच्या उत्तरेकडील दापोली, मंडणगड या तालुक्यांत विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि मुंबईतील असंख्य कुटुंबांना कित्येक दिवस घरची खबर मिळाली नाही. पुढच्या वर्षी २२ जुलै रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हाही फोन बंद पडत गेले आणि दूर असलेले नातेवाईक महाजालावरून मदतीसाठी हाका देत राहिले. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन वर्गासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीला डोंगरावर झोपडी उभारून बसावे लागले होते. मनोरा विजेवर चालतो आणि वीज गेली की बॅटरी पुरेल तेवढाच वेळ बोलतो. म्हणून वादळाची सूचना मिळाली की फोन पूर्ण चार्ज करून ठेवावा, ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढाच संदेश एका ठरलेल्या नातलगाला पाठवावा आणि बाकीच्यांना त्यानेच कळवावे, अशी घराघरांत आधीच बोली झालेली बरी.

कुटुंबाचा समूह आणि ‘बघू’ हा शब्द

आज बहुतेक कोकणी कुटुंबांचा व्हॉट्सॲपवर एक समूह असतो. गौरी-गणपतीला कोण कधी येणार, गाडीचे आरक्षण मिळाले की नाही, शिमग्याची पालखी घरी कोणत्या दिवशी येणार, हे त्यावर ठरते. ज्याला रजा मिळाली नाही, त्याला पालखीचे दर्शन तेथेच घडते. आंबा बागायतदारही पेटीचे छायाचित्र आणि दर ग्राहकांना थेट कळवितात. एका वेळी सर्वांना एकच माहिती द्यायची असेल, तर समूहाइतके चांगले साधन नाही.

परंतु माहिती देणे आणि निर्णय घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, गावी राहणाऱ्या थोरल्या भावाने समूहावर लिहिले: ‘पावसाआधी घर शाकारायला हवे. प्रत्येकाचे किती येतील ते कळवा.’ सहा जणांच्या खुणा निळ्या होतात. उत्तर कोणाचेच येत नाही, कारण प्रत्येकाला वाटते, आधी दुसरा काय म्हणतो ते पाहू. रात्री धाकटा भाऊ लिहितो, ‘बघू.’ एक पुतण्या अंगठ्याचे चित्र टाकतो. ओसरीवर बसून हाच ‘बघू’ उच्चारला गेला असता, तर त्याच्या सुरावरून तो होकार आहे, अडचण आहे की टाळाटाळ आहे, हे भावाने अचूक ओळखले असते. लिहिलेल्या ‘बघू’ला सूर नसतो, वाचणारा आपल्या मनातील सूर त्याला लावतो. त्यातून हे सारे वहिनींच्या आणि पुतण्यांच्या देखत घडलेले असते. मग कोणीतरी जुना हिशेब काढतो, कोणीतरी समूह सोडून जातो, आणि दाराला कुलूप न लागताही घर बंद पडते.

यात दोष साधनाचा नाही, भावांचाही नाही. ज्या गोष्टीत पैसा, मानपान किंवा जुनी सल आहे, ती सवडीने वाचल्या जाणाऱ्या आणि अनेकांसमोर पडणाऱ्या वाटेने धाडली गेली, एवढेच चुकले. तीच गोष्ट आधी एकेकाशी फोनवर बोलून घ्यावी. जमल्यास सर्वांनी एकदा व्हिडिओ कॉलवर बसावे. आणि जे ठरले ते नंतर समूहावर किंवा ई-मेलने स्पष्ट लिहून ठेवावे. बोलण्याने मने जुळतात आणि लिहिण्याने ठरलेले पक्के होते. क्रम उलटा झाला की दोन्ही बिघडतात.

चावडीवर बोलताना

समूहाच्या पलीकडचा टप्पा जाहीर बोलण्याचा. केशवसुतांच्या काळी जाहीर बोलायचे तर मध्ये संपादक असे. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. त्यांच्या कविता जळगावच्या ‘काव्यरत्नावली’, ह. ना. आपटे यांच्या ‘करमणूक’ अशा नियतकालिकांतून वाचकांपर्यंत गेल्या. लिहिणे, टपालात टाकणे, संपादकाने वाचणे आणि छापणे या प्रवासात शब्दाला थांबून विचार करायला वेळ मिळे. टोपणनावाने लिहिण्याची प्रथाही महाजालाने शोधलेली नाही; ‘केशवसुत’ म्हणजे केशवाचा मुलगा, हे टोपणनावच आहे. फरक इतकाच, की त्या नावामागचा माणूस संपादकाला ठाऊक असे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढच्याच वर्षी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि देशोदेशीचे मराठी लोक एकाच विषयावर सवडीने, एकमेकांचे वाचून, आपापले म्हणणे मांडू लागले. २००४ नंतर ऑर्कुट आणि फेसबुक आले. येथे जाहीर आणि खासगी यांतील रेषा पुसट झाली. मित्रांपुरते म्हणून लिहिलेले वाक्य गावाच्या चावडीवर ऐकू गेले.

त्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि दुसरीने ते पसंत केल्याची खूण केली. दोघींनाही अटक झाली. त्यावरून देशभर वादळ उठले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याला यातून बळ मिळाले, हे खरेच. त्याचबरोबर अंगठ्याची एक खूण हेही जाहीर विधान असते, हे सर्वांच्या ध्यानात आले.

कुलूप वाटेला, घराला नव्हे

याच्या उलट टोकाला बंद दाराआडचे संदेश आहेत. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संभाषण पूर्ण मार्गभर सांकेतिक स्वरूपात जाते. ही व्यवस्था कुलूप-किल्लीसारखी आहे. प्रत्येक फोन आपले उघडे कुलूप जगाला देऊन ठेवतो, किल्ली मात्र स्वतःजवळच राखतो. पाठविणारा ते कुलूप संदेशाला लावतो. ते फक्त घेणाऱ्याच्या किल्लीनेच निघते. मधल्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. कोण कोणाशी केव्हा बोलले, यासंबंधीची काही माहिती मात्र तिच्याकडे असू शकते.

हे कुलूप वाटेला असते, घराला नसते. पोचलेला संदेश घेणारा दुसऱ्याला दाखवू शकतो, त्याचे छायाचित्र काढू शकतो, पुढे धाडू शकतो. आणि पुढे धाडण्याच्या या सवयीनेच १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे घात केला. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्या संशयाने जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी संदेश धाडण्यास आळा घातला. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो.

अफवा पूर्वीही होत्या. पण बाजारात ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून लोक पारखत. पुढे आलेल्या संदेशात मूळ सांगणारा हरवतो आणि पाठविणाऱ्या मामाचा किंवा मास्तरांचा विश्वास तेवढा त्याला चिकटतो. ‘हे तुम्हाला कोणी सांगितले?’ हा जुना गावठी प्रश्न म्हणूनच आज सर्वांत उपयोगी आहे.

‘काल’ आणि ‘काळ’

मराठी माणसांच्या या बोलण्यात लिपीचाही प्रश्न आहे. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावत. देवनागरीत लिहिले की मर्यादा ७० चिन्हांवर येई आणि काना-मात्राही वेगळे मोजले जात. मराठीत लिहिणे महाग पडे. संगणकावर ‘शिवाजी’, ‘श्रीलिपी’ असे निरनिराळे टंक होते. एकात लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन उमटे. त्यामुळे रोमन लिपीतून मराठी लिहिण्याची सवय लागली. पुढे युनिकोड सर्वत्र पोचले आणि मोबाइलवर देवनागरी कळफलक आला, तरी सवय उरलीच. वास्तविक रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ सारखेच दिसतात. ‘काका काल आला’ की ‘काकाचा काळ आला’, हे घाईत वाचणाऱ्याने कसे ओळखावे? ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा १९११चा मोठा ग्रंथ लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचे बंधू. त्यांच्या भाषेत निरोप लिहिताना निदान अक्षर तरी नेमके उमटावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

ट्रंकेतली पत्रे

शेवटचा मुद्दा टिकण्याचा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये गेले. परदेशी गेलेल्या मुलांचे चेहरे ज्यावर पहिल्यांदा दिसले, ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. या प्रत्येकाबरोबर लाखो माणसांचे बोलणे पुसले गेले किंवा हाताबाहेर गेले. कोकणातील जुन्या घरांत मात्र लोखंडी ट्रंकेत आजोबांची पत्रे अजून सापडतात. वाळवीने सोडली असतील तेवढी. संभाषणाची सेवा देणारी कंपनी म्हणजे आपले कपाट नव्हे. महत्त्वाचे कागद, आईच्या आवाजातील निरोप, वडिलांनी सांगितलेल्या हद्दीच्या खुणा हे वेगळे उतरवून दोन ठिकाणी ठेवावे आणि शक्य ते कागदावरही छापून घ्यावे.

पूर्वीच्या माणसाला पत्र कधी लिहावे, तार कधी करावी आणि स्वतः एसटी पकडून कधी निघावे, हे कोणी शिकविले नव्हते. खर्च आणि वेळ यांनीच ते शिकविले. आता खर्च उरला नाही आणि वेळही लागत नाही. तेव्हा हे तारतम्य जाणून-बुजून राखावे लागेल. निरोप सर्वांसाठी असेल तर तो समूहावर टाकावा, पुरावा हवा असेल तर ई-मेल करावे, जगाने ऐकले तरी चालेल तेच जाहीर लिहावे आणि मन दुखावण्याचा संभव असेल तर फोन लावावा. त्यानेही भागत नसेल, तर मालगुंडची वाट अजून आहे तशीच आहे. गाडी पकडावी आणि ओसरीवर जाऊन बसावे.